स्वस्तातलं डोकं

४ फेब्रुवारी

पुन्हा शिट्टी! सासूबाई हाक मारत नाहीत. हाक म्हणजे विनवणी आणि शिट्टी म्हणजे हुकूम, असा त्यांचा सिद्धांत आहे. उभी हयात शाळेत व्यायामशिक्षिका म्हणून गेली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. चष्म्यासाठी आखूड, पाण्यासाठी दोनदा, वर्तमानपत्रासाठी लांबलचक. मी इकडे प्रबंध तपासत बसलेली असते. दचकते, आणि लाल रेघ विद्यार्थ्याच्या नेमक्या बरोबर वाक्यावर ओढली जाते.

फिजिओथेरपीच्या बाई आज स्पष्टच बोलल्या. हाड उत्तम जुळलं आहे, आता उठून चालायलाच हवं. "महिनाअखेरपर्यंत पाऊल टाकलं नाहीत ना आजी, तर पाय चालणं विसरतील. मग पलंग कायमचा." सासूबाईंनी छताकडे पाहिलं. "आज नको. उद्या." रोजचंच उत्तर. कोपऱ्यातला वॉकर अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेला आहे.

बाई गेल्यावर सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "जन्मभर पोरींवर ओरडले, ताठ चाला, ताठ चाला. आता मी फेंगडी चालणार आणि तुम्ही सगळे रांगेत उभे राहून बघणार? जमायचं नाही!"

मानी बाई. मला त्यांचा राग येत नाही. मानीपणा ह्या घरात फक्त त्यांच्याच वाट्याला आला आहे, असंही नाही.

५ फेब्रुवारी

ठरलं. गाडी करायची! स्वयंपाकघरापासून सासूबाईंच्या पलंगापर्यंत फरशीवर काळी चिकटपट्टी. पट्टीच्या मागावर चालणारी, वर ट्रे असलेली छोटी चारचाकी. सासूबाईंनी बटण दाबलं की पाणी, चष्मा, पेपर घेऊन येईल. पुन्हा दाबलं की परत जाईल. पलंगाजवळ पट्टीला एक आडवी पट्टी, तिथे अचूक थांबेल. विनवणी नाही, शिट्टी नाही, प्रबंधांवर अपघात नाहीत.

नियंत्रणशास्त्रात माझी डॉक्टरेट आहे. विमान वादळात स्थिर कसं राहतं ह्यावर मी पुस्तकाचं प्रकरण लिहिलं आहे. पाण्याचा पेला बोळातून सरळ आणणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

फिजिओबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्यांना आणखी बसवताय!" मी शांतपणे म्हटलं की स्वावलंबनातून आत्मविश्वास येतो आणि आत्मविश्वासातून हालचाल. मुद्देसूद वाक्य होतं. त्यांना ते पटलं नाही. पण प्रत्येकाची कुवत असते.

आता प्रश्न फक्त एक. गाडीला डोकं कोणतं?

७ फेब्रुवारी

डोकं म्हणजे मायक्रोकंट्रोलर: बोटभर पट्टीवरचा एवढासा संगणक, ज्याला एकच काम जन्मभर करायचं असतं. स्वस्त हवा, कारण हा छंद आहे, अवकाशयान नव्हे. पण स्वस्त म्हणजे भिकार नव्हे! बाजारात उमेदवारांची झुंबड आहे. तक्ता केला. उभ्या रकान्यांत उमेदवार, आडव्या ओळींत निकष: वेग, स्मृती, पायांची (म्हणजे तारा जोडायच्या पिनांची) संख्या, विजेची भूक, किती व्होल्ट सोसतो, बिघडला तर दुसरा लगेच मिळतो का.

निळी (नावं बोर्डांच्या रंगांवरून): जुनी, मंद, आठ बिटांची. कुणीही तिची हुबेहूब नक्कल करतं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. प्रतिष्ठा शून्य.
हिरवी: सडपातळ, दोन मेंदूंची, हुशार. पण पाच व्होल्ट सोसत नाही.
काळी: वायफायसकट येते. गाडीला इंटरनेट दिलं तर ती पाणी विसरून हवामान बघत बसेल.
मुंगी: आठच पायांची चिप. गोड. पण मोटरना दोन-दोन पाय दिले की शिल्लक काय?

सासूबाईंनी चष्मा नाकावर घेऊन तक्ता वाचला. "काय गं, स्थळं बघतेस की काय? एवढ्या खोडी काढल्या असत्या ना, तर माझा मुलगा बिनलग्नाचा राहिला असता."

हे आतून म्हणाले, "आई, तिनं माझाही तक्ता केला होता."

केला होता. ह्यांना कसं कळलं?

९ फेब्रुवारी

वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, दातांच्या डॉक्टर. दवाखाना आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्यांना इतरांच्या घरातलं काय चुकतंय ते दिसतं.

तक्ता पाहून पदर तोंडाला लावला – हसू दाबण्यासाठी, आदरानं नव्हे. "अगं, गाडीला डोकं लागतं, डॉक्टरेट नाही!"

"वन्सं, घाई तुमच्या धंद्यात चालते. दात एकदा उपटला की प्रश्न संपतो."

"म्हणूनच ना! घरात डॉक्टर दोन, पण दाढ ठणकली की उपयोग एकीचाच."

सासूबाईंनी शिट्टी वाजवली. गुण वन्संना. मुलीची बाजू घेतली, हे नोंदवून ठेवते.

जाताना म्हणाल्या, "तुझं स्थळ ठरेपर्यंत माझी गाडी आईला पेपर देऊन परतसुद्धा जाईल." म्हणजे आता त्याही गाडी करणार! विज्ञानाची काय ही अवहेलना.

१० फेब्रुवारी

दोघी एकाच रिक्षातून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. न बोलता.

वन्संनी काउंटरवरच्या टोपलीत हात घातला, न बघता एक बोर्ड उचलला: निळा! न बघता! "हा चालेल," म्हणाल्या. भाजीसुद्धा मी इतक्या बेफिकिरीनं घेत नाही. हुकूम बिनतारी पोचवणाऱ्या रेडिओच्या तबकड्या मात्र दोघींना लागणारच होत्या: रिमोटमध्ये एक, गाडीत एक. दुकानदारानं एकाच पाकिटातून चार काढल्या, दोघींना दोन-दोन दिल्या. "ताई, सोबत नमुना प्रोग्रॅम पण येतो. तस्साच उतरवून घ्या, पळतंय." वन्सं म्हणाल्या, "वा! मग करायचं काय उरलं?"

मी सगळ्या रंगांचा एकेक बोर्ड घेतला. परीक्षा घेतल्याशिवाय निकाल नाही.

१२ फेब्रुवारी

वन्संची गाडी तयार. दवाखान्यातला स्टीलचा ट्रे, खाली खेळण्यातली चाकं. रिमोटला दोन बटणं: पांढरं आणि लाल. पांढरं दाबलं की निघायचं, लाल दाबलं की जिथे असेल तिथे थांबायचं. मी हसले. थांबायचं कुठे हे ज्या गाडीला कळतं, तिला लाल बटण लागत नाही.

सासूबाईंना पेपर पोचवला, हे मान्य करावं लागेल. परत जाताना दाराच्या चौकटीवर आदळली, पुढचं चाक निखळलं. वन्संनी गाडी काखोटीला मारली, "उद्या क्राऊन बसवते" म्हणाल्या आणि खाली गेल्या. रिमोट पलंगावरच विसरल्या. अशी माणसं दाढेत काय काय विसरत असतील!

१५ फेब्रुवारी

हिरवी गेली. पट्टी बघणारा डोळा पाच व्होल्टवर बोलतो, तिचे पाय साडेतीनच्या वर सोसत नाहीत, हे मीच तक्त्यात तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं. तरी जोडला. बारीकशी धुराची वेलांटी.

हे: "काही जळतंय का गं?"

मी: "संशोधन."

१७ फेब्रुवारी

काळी नापास. गाडीला दिली होती एकच आज्ञा, आणि ती सुरू झाल्या झाल्या शेजाऱ्यांचं वायफाय शोधत बसली. मुंगीनं शर्थ केली, पण दिशा बदलायला पाय उरला नाही. बोळाच्या पहिल्याच वळणावर भिंतीशी नाक घासत उभी राहिली. दया आली.

निकाल: निळी.

हो. निळी! पाच व्होल्ट हसत सोसते, बटण दाबल्या क्षणी जागी होते, पाय पुरून उरतात, आणि मोडली तर कोपऱ्यावर दुसरी उभी. सर्व निकषांवर, भारित सरासरी काढून, निर्विवाद प्रथम. वन्संनी न बघता उचलली तीच. मात्र हे दोन निर्णय एकच आहेत असं कुणी म्हणू नये. एकीनं उत्तर ढापलं, दुसरीनं गणित सोडवलं.

सासूबाई: "म्हणजे शेवटी शेजारचाच मुलगा!"

१८ फेब्रुवारी

गाडी झाली. काय चालते! वळणावर हळुवार झुकते, पेल्यातल्या पाण्यावर तरंग नाही, आणि पलंगाशी आडव्या पट्टीवर अशी थांबते की वाटावं, नमस्कार करते आहे. चालवण्याचा प्रत्येक शब्द माझा स्वतःचा. रेडिओचं कारकुनी काम तेवढं नमुना प्रोग्रॅमवर सोपवलं. तिथे बुद्धी खर्चण्यासारखं काही नाही. माझ्या रिमोटला बटण एक. सौंदर्य म्हणजे अनावश्यकाचा अभाव.

सासूबाईंनी पाणी घेतलं, गाडीच्या ट्रेवर थाप मारली. "शाब्बास! ताठ चालते."

हा अभिप्राय मी जपून ठेवणार आहे.

२० फेब्रुवारी

कॉलेजातून परतले तर गाडी आडव्या पट्टीच्या हातभर अलीकडे उभी. ट्रेवरचा पेला रिकामा.

"आई, ही इथेच थांबली?"

"हो. दमली असेल. असू दे, मला पोचतंय."

हात लांब आहेत त्यांचे. पण प्रश्न त्यांच्या हाताचा नाही, माझ्या पट्टीचा आहे! त्यांच्यासमोर पुन्हा चालवली: अचूक. पुन्हा: अचूक. म्हणजे मी असताना बरोबर आणि मी नसताना चूक. विद्यार्थ्यांमध्ये हा दोष पाहिला आहे, यंत्रात प्रथमच.

२१ फेब्रुवारी

आज आणखी अलीकडे. बॅटरी बदलली. चाकं पुसली. फरशीवर पट्टीच्या आजूबाजूला काळे गोल डाग सापडले, रबराचे. असे डाग पट्टी बघणाऱ्या डोळ्याला फसवतात. वन्संच्या गाडीच्या टायरचे असणार. आमची गाडी हरावी म्हणून खुणा सोडून गेल्या! साबणानं घासून काढले.

२३ फेब्रुवारी

डाग परत आले. गाडी परत अलीकडे. पण वन्संची गाडी तर खाली दवाखान्यात चाक सुटून पडलेली आहे! मग टायर कुणाचे?

फिजिओबाई आल्या होत्या. पाय हलवून पाहिला, भुवया उंचावल्या. "सांधा मोकळा होतोय की! काय करताय आजी?" सासूबाई: "काही नाही. सुनेनं गाडी केली आहे, आराम आहे." बाईंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी नम्रपणे म्हटलं, "स्वावलंबन." वॉकरचं प्लॅस्टिकचं वेष्टन कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले त्यांनी नाही. मीही नाही. बाई म्हणाल्या, "उभं राहून दाखवता?" – "आज नको. उद्या."

मला मात्र एकच चिंता. निळी बदलायची का? शेवटी स्वस्तातलं डोकं ते स्वस्तातलंच. नक्कल माल, कुठेतरी विस्मरण होत असेल. तिला काढून दुसरी निळी बसवली.

२४ फेब्रुवारी

दुसरी निळीही तेच करते. अगदी तेच! दोन वेगळ्या डोक्यांना एकच झटका कसा येईल? आज गाडी सासूबाईंच्या खोलीच्या मध्यावर थांबली होती.

"आई, मग पाणी कसं घेतलंत?"

"घेतलं गं! तू आपली यंत्राची काळजी कर."

करतेच आहे. झोप उडाली आहे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आज स्थिरतेवर शिकवताना खडू हातातून दोनदा पडला.

२५ फेब्रुवारी

रहस्य उलगडलं! आणि हसावं की डोकं आपटावं कळत नाही.

वन्सं दुरुस्त गाडी घेऊन आल्या. दोन्ही गाड्या स्वयंपाकघरात शेजारी-शेजारी उभ्या केल्या. मी म्हटलं, "पाहा आता गणित कशाला म्हणतात ते," आणि माझं बटण दाबलं.

दोन्ही निघाल्या!

माझी डौलात, त्यांची फेंगाडत. एकाच पट्टीवर, एकाच वेळी. बोळाच्या वळणावर दोघींनी एकमेकींना बाजूनं धडक दिली आणि तिथेच चाकं फिरवत अडकून बसल्या. ह्यांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही दोघी रिक्षातून उतरताना अशाच दिसता."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "अगं... रेडिओचा पत्ता बदलला नाहीस तू?"

"तुम्ही बदललात?"

"मी कशाला बदलेन? मी सगळाच उतरवून घेतलाय! पण तू? तू तर वादळातलं विमान चालवतेस ना?"

प्रत्येक रेडिओला एक पत्ता असतो. नमुन्यात सगळ्या जगासाठी एकच लिहिलेला असतो, आणि पहिलं काम तो बदलण्याचं. मी बदलला नाही. कारकुनी काम! नमुन्यात 'ये', 'जा', 'थांब' हे तिन्ही हुकूमही होते. 'थांब' मी वापरला नाही, पण काढलाही नाही. म्हणजे वन्संच्या रिमोटचं लाल बटण माझ्या गाडीला जागच्या जागी थांबवतं. स्वस्त डोकं बिचारं आज्ञाधारक होतं. बेशिस्त होती ती महागड्या डोक्यात.

वन्सं इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. मीही थोडी हसले. (थोडी.)

"पण माझा रिमोट आहे कुठे?" वन्संनी विचारलं. "आई, त्या दिवशी तुझ्या पलंगावर राहिला होता."

सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "कुठला रिमोट? मी नाही पाहिला."

उशीखाली गेला असेल आणि लाल बटण आपोआप दाबलं जात असेल. उद्या कॉलेजातून आले की शोधते, आणि पत्ता बदलते. एका ओळीचं काम आहे.

२६ फेब्रुवारी

शेवटचं व्याख्यान रद्द झालं, म्हणून लवकर आले. किल्लीनं दार उघडलं. चप्पल काढण्याआधी आवाज ऐकू आला. सासूबाईंचा; पण शिट्टीचा नव्हे, शाळेच्या पटांगणावरचा.

"एक-दोन... एक-दोन... मान वर! मान वर म्हटलं ना! कमरेतून नाही वाकायचं. एक-दोन..."

बोळाच्या टोकावरून दिसलं. गाडी खोलीच्या दाराशी थांबलेली, ट्रेवर पाण्याचा पेला. पलंगापासून तिथपर्यंत वॉकर धरून सासूबाई येत होत्या. वॉकरचे चारही रबरी पाय फरशीवर टेकत होते, आणि टेकतील तिथे काळा गोल डाग. गाऊनच्या खिशातून वन्संचा रिमोट डोकावत होता. चाल फेंगडी होती. अगदी फेंगडी! त्यांनी स्वतःलाच दटावलं, "बेशिस्त! परत!" – आणि मागे वळून पहिल्यापासून सुरुवात केली.

मी आल्या पावली बाहेर आले, दार न वाजवता लावलं. नाक पुसलं. आणि स्वतःच्या घराची घंटी दाबली – बराच वेळ, दोनदा, हातात किल्ली असताना.

कुणीच दार उघडलं नाही. तेव्हा किल्लीनंच उघडलं. सासूबाई पलंगावर, पांघरूण हनुवटीपर्यंत, श्वास जरा जोरात. वॉकर कोपऱ्यात, भिंतीला तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"आलीस? किल्ली विसरलीस वाटतं. बघ, तुझी गाडी आज पुन्हा मध्येच थांबली."

"बघते आई."

फरशीवरचे डाग पुसले नाहीत.

२८ फेब्रुवारी

पत्ता तोच ठेवला. आडवी पट्टी पलंगाजवळून उखडली आणि बोळाच्या मध्यावर चिकटवली, नीट, काटकोनात. मग कॉलेजला जाते सांगून जिन्यात बसले. बऱ्याच वेळानं परत आत गेले. पेला रिकामा, डाग बोळापर्यंत.

"काय गं ही तुझी गाडी! आज तर फारच लवकर दमली."

"काय करणार आई," मी म्हटलं, "स्वस्तातलं डोकं आहे ना."